मन्मथअप्पांच्या गोदामातली रेल्वे

"ते समदं ठीक हाय हो साहेब, पण याला हात किती?"

फोनच्या पलीकडं पुण्याचा दुकानदार होता. हौशी लोकांच्या छोट्या रेल्वेचं सामान विकणारा. त्याला हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला असावा, कारण तो बराच वेळ व्होल्ट आणि अँपिअर सांगत राहिला. मन्मथअप्पा डोळे मिटून "हाव, हाव" म्हणत होते. त्याचं सगळं सांगून झालं तसे अप्पा पुन्हा मूळ मुद्द्यावर आले. "हात म्हणजे असं बगा साहेब, एका टायमाला किती माणसं आपापली गाडी चालवू शकतात याच्यावर? प्रत्येकाच्या हातात आपला आपला कंट्रोल पाहिजे. तेवढं सांगा, बाकीचं आमची अक्का बगते."

ती अक्का म्हणजे मी. आमच्या वडिलांचं कापडाचं दुकान उदगीरच्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, रस्त्यावर होतं आणि भिंतीला भिंत लागून मन्मथअप्पांची आडत. शेतकऱ्यानं माल आणायचा आणि अप्पांनी तो व्यापाऱ्याला विकून द्यायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांच्या घरात निम्मं कानडी चालायचं, त्यामुळं परकरातल्या पोरीलाही ते अक्काच म्हणायचे. पुढं मी लग्न होऊन नांदेडला गेले, तिथल्या पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले, केस पिकले, तरी मी अक्काच राहिले.

अप्पांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल आणि सदऱ्याच्या खिशात एक बारीक स्क्रूड्रायव्हर. दुकानात गिऱ्हाइकाला पेन हवा असला तर तो कधी सापडायचा नाही. स्क्रूड्रायव्हर मात्र हमखास असायचा.

रेल्वेचं वेड त्यांना हैदराबादेत लागलं. बारदान, म्हणजे रिकामी पोती, आणायला म्हणून गेले आणि एका जुन्या खेळण्यांच्या दुकानातून मुठीत मावणारं इंजिन, दोन डबे आणि गोल रूळ घेऊन आले. बारदान विसरले. अप्पांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, ते सगळं पाहिलं आणि विचारलं, "नातवाला आणलं व्हय?" अप्पा म्हणाले, "हाव." नातवाच्या हातात ते इंजिन मी कधीच पाहिलं नाही. गोदामाच्या कोपऱ्यात एका जुन्या दारावर रूळ पसरले गेले आणि त्याला एकेक वळण, एकेक फाटा फुटत गेला. हंगामात पोत्यांच्या थप्प्या वाढल्या की रेल्वे भिंतीकडं आकसायची, माल हलला की पुन्हा हातपाय पसरायची.

मग लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष आलं. आमच्याकडंही टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची, आणि धोतर खोचलेले अप्पा त्यात पुढं असायचे. मोंढा ओस पडला होता. तूर नाही, सोयाबीन नाही, हमाल पिंपळाखाली पत्ते खेळत बसलेले. अप्पांचं एवढं मोठं गोदाम, त्यात कोपऱ्यात चार पोती. मी सुट्टीत माहेरी आले होते, म्हणून भेटायला गेले. वाटलं, माणूस खचला असेल. अप्पा गोदामाच्या मधोमध उभे राहून टाळ्या वाजवत होते. घुमलेला आवाज ऐकला, माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "अक्का, जागा झाली गं!"

काकू दारातून म्हणाल्या, "लोकाच्या घरात प्यायला पाणी न्हाई, न् ह्यांना जागा झाली."

त्याच सुमाराला उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. ही हवा आमच्याकडं अधूनमधून येते. आली की मिठाई वाटली जाते, आणि पुढं काही होत नाही. अप्पांनी या खेपेला वाट पाहायचं सोडून दिलं. रिकाम्या गोदामात भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या टाकल्या, त्यावर रूळ अंथरले आणि जिल्हा जाहीर करून टाकला. बुटांच्या खोक्याची कलेक्टर कचेरी झाली. उदगीर जंक्शन झालं. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आडव्या लावून पाण्याची गाडी झाली, आणि ती रोज सकाळी सगळ्या तालुक्यांना फिरू लागली.

"जिल्हा म्हंजे काय असतंय, अक्का? जिथं समद्या तालुक्यांच्या गाड्या येतात, ते गाव जिल्हा."

यात गंमत अशी, की अप्पांनी बरोबर वेचून अशा गावांना रेल्वे दिली ज्यांच्या वाट्याला खरी रेल्वे आलेली नाही. शिरूर अनंतपाळला स्टेशन दिलं. जळकोटला दिलं. नायगाव माझं सासर. ते नांदेड जिल्ह्यातलं, तरी मी हट्ट केला. अप्पा म्हणाले, "सासर हाय म्हणून देतो. पण गाडी येईल, परत जाणार न्हाई. तुझ्या सासूला विचार चालतंय का."

एक दिवस शिरूर अनंतपाळचे एक शाळेतले कारकून कसल्याशा कामानं आडतीत आले आणि गोदामात डोकावले. फलाटावर आपल्या गावाची पाटी दिसताच त्यांनी चपला काढल्या आणि जवळ गेले. पाटीवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "आमच्याकडं किती वाजता येते?"

"आत्ता सोडतो की," अप्पा म्हणाले, आणि सोडली.

पुढच्या रविवारी ते गृहस्थ जीप भरून मंडळी घेऊन आले. त्यातल्या एका म्हातारबुवांनी गाडी येताना आणि जाताना नीट पाहिली आणि तक्रार केली की फलाटाला शेड नाही, उन्हात बाया-माणसांनी उभं कुठं राहायचं? अप्पांनी गंभीरपणे मान हलवली. पुढच्या रविवारपर्यंत शेड झाली होती. मग दर रविवारी दुपारी गोदामात गर्दी होऊ लागली. दुष्काळाच्या त्या वर्षात आमच्या मोंढ्यात हसण्याचा आवाज येत होता तो याच एका शटरमागून.

हे सगळं चालवायचे उमरीकर सर. गावातल्या निम्म्या लोकांना भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, उंच, ताठ, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. अप्पा आणि सर एकमेकांना अहो-जाहो करायचे आणि दिवसातून एकदा तरी भांडायचे. अप्पांनी रूळ टाकायचे, सरांनी वीज खेळवायची, अशी वाटणी होती. सरांनी एक लाकडी फळी तयार केली होती. तिच्यावर साऱ्या मार्गाचा नकाशा, बटणांच्या रांगा आणि कुठं गाडी उभी आहे ते सांगणारे आठ दिवे. ती करायला त्यांना कित्येक वर्षं लागली होती, आणि तिच्यामागच्या तारा इतक्या देखण्या बांधल्या होत्या की मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवायला नेलं होतं.

जुन्या पद्धतीत रुळातला करंट हाच इंजिनाला हुकूम. करंट वाढला की रुळावरचं प्रत्येक इंजिन पळणार. दोन गाड्या वेगवेगळ्या चालवायच्या तर रुळाचे वेगळे तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्याला कुठून करंट द्यायचा ते बटणांनी ठरवायचं. सरांची फळी होती ती यासाठी. नव्या डिजिटल पद्धतीत रुळात करंट कायम सारखा. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप आणि चिपला एक नंबर. हातातल्या कंट्रोलवर नंबर निवडला की तेवढं एकच इंजिन ऐकतं. म्हणजे तुकडे नकोत, बटणं नकोत. फळीच नको.

अप्पांनी डिजिटलचं नाव काढलं त्या दिवशी मी तिथंच होते. सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"घ्या की. जरूर घ्या. पण फळी निघाली की माझं इथलं काम संपलं. मग मी दुपारी वाचनालयात जात जाईन."

"सर, तसं कुठं म्हणून राहिलो मी?"

"तुम्ही काय म्हणताय ते मला कळतं, अप्पा."

सरांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परदेशात. गोदाम सोडलं तर त्यांना जायला खरंच दुसरी जागा नव्हती. आणि सरांशी भांडल्याशिवाय अप्पांना जेवण जात नसे. असं असताना या माणसाला हा डिजिटलचा सोस कशाला, मला कळेना. मी मनातून अप्पांवर चिडले होते.

ते कळलं पुढच्या रविवारी. शिरूरची मंडळी भोवती उभी होती. सर फळीवर, अप्पा रुळांजवळ. जंक्शनात पाण्याची गाडी उभी असताना सरांनी त्याच तुकड्यात मालगाडी सोडली. आम्ही ओरडेपर्यंत मालगाडीचं इंजिन बाटल्यांवर चढलं, कलंडलं आणि रुळांखालच्या फळ्यांवरून खाली फरशीवर पडलं. सरांचा चेहरा पांढरा पडला.

"माझं चुकलं," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "सांधा मी उलटा मारला. हात न्हाई धड माझा." आणि खाली बसून इंजिनाचे तुकडे गोळा करू लागले. सांधे म्हणजे जिथं गाडी रूळ बदलते ती जागा. ते अप्पांच्या ताब्यात असायचे, हे खरं. पण त्या सांध्याला त्यांनी हातही लावला नव्हता. मी शेजारीच उभी होते.

संध्याकाळी ते मला एसटी स्टँडवर सोडायला आले. नांदेडची गाडी लागायची होती. अप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले, "सरांना दिसून न्हाई राहिलं, अक्का."

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगतंय? मी बगतो ना. लाल दिवा लागला तरी हात हिरव्याच्या बटणावर जातो. पेपर उलगडतात, पान उलटत न्हाईत. मी तोंडावर म्हणलं तर मानी माणूस हाय, उद्यापासून येणार न्हाई. आन् काही न्हाई म्हणलं तर एखाद्या रविवारी समद्या लोकांत चार गाड्या आदळतील, मग तर जन्मात येणार न्हाई. म्हणून मला कंट्रोलचा असा डबा पाहिजे, की सरांनी फळी सोडावी आन् इंजिन हातात घ्यावं. बोटानं चालवावं, कानानं ऐकावं. एवढ्या मोठ्या जगात कुणी केला असंल की न्हाई असा डबा?"

मला एकदम हसू आलं आणि रडूही. मी सांगितलं, केला असणार, अप्पा. आपण शोधू.

मग जी शोधाशोध सुरू झाली तसा उत्साह मी पुन्हा कुठल्या कामात अनुभवला नाही. अप्पा रोज फोन करायचे. मी तासाला असले तरी करायचे. "अक्का, एका कंपनीच्या इंजिनात शिट्टी हाय म्हणतेत! चाकाचा आवाज बी येतो! चढाला लागलं की धापा टाकतंय!" बोलता बोलता ते स्वतःच धाप लागेपर्यंत पोचायचे.

पहिला डबा हैदराबादच्या एका हौशी गृहस्थांनी वापरून बघायला दिला. चांगला होता. पण कंट्रोल एकच, आणि त्याच्या पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी. अप्पांनी तो अर्ध्या तासात परत बांधला. "याला हात एकच. मी चालवायची आन् सरांनी टाळ्या वाजवायच्या व्हय?"

दुसरा मी नेला. माझ्या एका सहकाऱ्याकडचा, टॅबलेटवर चालणारा. मी दोन शनिवार बसून जिल्ह्याचं सगळं वेळापत्रक त्यात भरलं. बटण दाबलं की गाड्या आपोआप सुटायच्या, आपोआप थांबायच्या, जंक्शनात एकमेकींना वाट द्यायच्या. एकही चूक नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. अप्पा पोत्यावर बसून शेंगा खात सगळं पाहत राहिले.

"झ्याक," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मग आता आपण काय करायचं?"

"काहीच नाही. बघायचं."

"देवळात तो विजेवरचा नगारा बसवलाय न्हाई का, तसं झालं हे. देवाला आरती पोचती, पण वाजवणारा घरी बसला." आणि त्यांनी उरलेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. मी टॅबलेट पिशवीत टाकला.

तिसऱ्यासाठी आम्ही दोघं पुण्याला गेलो. तोच फोनवरचा दुकानदार. तुरीचा दाणा मुठीत घेऊन, डोळे मिटून चोळून जसा जोखायचे तसे अप्पा एकेक कंट्रोल हातात घेऊन, डोळे मिटून, अंगठ्यानं चाचपू लागले. दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. शेवटी एक सापडला. लिंबाएवढं गोल बटण, हळू फिरवलं की गाडी हळू, जोरात फिरवलं की जोरात, उलटं फिरवलं की उलटी. शिट्टीचं बटण वर उचललेलं, बोटाला आपोआप लागणारं. आणि रुळांखालच्या फळ्यांच्या काठाला जागोजागी खुंट्या बसवून असे कितीही कंट्रोल जोडता येणारे.

"याला हात किती?"

"आठ जोडा, दहा जोडा," दुकानदार म्हणाला.

अप्पा डोळे मिटलेलेच, हसले. दुकानात उभे राहूनच त्यांनी शिट्टी वाजवली. मग पुन्हा वाजवली.

डबा आला, पण सर यायचे बंद झाले होते. आम्ही पुण्याला गेल्याचं त्यांना कळलं होतं. दोन रविवार फळीपुढची खुर्ची रिकामी राहिली. तिसऱ्या रविवारी अप्पा स्वतः त्यांच्या घरी गेले आणि काय सांगितलं कुणास ठाऊक, त्यांना घेऊन आले. गोदामात शिरूरची मंडळी जमलेली. सर दारातच थांबले, हात मागं बांधून.

आमच्या मोंढ्यात पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं हातात हात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती शंभर माणसं असली तरी दोघांत काय ठरलं ते तिसऱ्याला कळायचं नाही, आणि ते नंतर कुणी कुणाला सांगायचंही नाही. ही पद्धत बंद होऊन खूप वर्षं झाली. अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, कंचा डबा घ्यायचा ते आपण दोघं ठरवू. मोंढ्याच्या रीतीनं. आणा हात."

लोकांना मौज वाटली. मंडळी पुढं सरकली. सरांचा हात रुमालाखाली गेला. अप्पा त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. मग रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला.

तिथं काय झालं ते सरांनीच मला पुढं अप्पा गेल्यावर सांगितलं, म्हणून लिहिते आहे. अप्पांनी विचारलं होतं, "फळीवर दिवे आठ. दिसतात किती?"

"माझा हात गार पडला, अक्का," सर म्हणाले. "मी दोन बोटं दाबली. मग वाटलं, ह्या माणसाशी खोटं कशाला बोलायचं. एक सोडून दिलं."

अप्पांनी मग त्यांचा सगळा पंजा घट्ट दाबला. मोंढ्यात त्याचा अर्थ, सौदा पक्का. रुमाल काढून खांद्यावर टाकला आणि जाहीर केलं, "ठरलं! पुण्याचा डबा. सर म्हणतेत ह्योच घ्या." मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सर खुर्ची ओढून बसले. "अक्का, तोंडानं मला ते कुणालाच सांगता आलं नसतं," त्यांनी मला सांगितलं. "डॉक्टरांनासुद्धा मी तोवर अर्धंच सांगितलं होतं."

फळी अप्पांनी टाकून दिली नाही. सरांच्या त्या देखण्या तारांवर जिल्ह्याच्या रस्त्यांचे दिवे लावले. कलेक्टर कचेरीपुढं लाईट आली.

इंजिनांत चिपा बसवायचं काम माझ्याकडं होतं. ती मी नांदेडला नेऊन बसवली आणि एसटीनं परत पाठवली. फोनवर बजावलं की मी येईपर्यंत कुठलंही इंजिन रुळावर ठेवू नका. पण अप्पा पडले व्यापारी. दुकानात नवीन काही आलं की मुहूर्त आलाच, आणि मुहूर्ताला तराजू, मापं, वही, सगळं एकत्र मांडून पूजा करायची ही त्यांची रीत. मी शटरमधून वाकून आत शिरले तेव्हा सगळी इंजिनं एकामागून एक रुळावर लावलेली होती. प्रत्येकाला हळदकुंकू. नारळ फोडून झालेला.

"अप्पा, थांबा!" म्हणेपर्यंत त्यांनी गोल बटण फिरवलं.

जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या गाड्या एकदम सुटल्या. शिट्टी दाबली तर सगळ्यांनी एकदम शिट्टी मारली. अप्पा गोंधळून बटण आणखी फिरवत होते आणि जंक्शनात चारी बाजूंनी इंजिनं चालून येत होती. मालगाडी बुटांच्या खोक्यात घुसली. कलेक्टर कचेरी आडवी झाली. काकूंनी पदर तोंडाला लावला.

आणि सर हसले. त्यांनी चेहऱ्यावर हात घेतला आणि खांदे हलेपर्यंत हसले. "अप्पा! ह्याच्यासाठी माझी फळी काढली? हे तर पहिल्या दिवशी होतं तसंच झालं!"

कारखान्यातून नवी चिप येते तेव्हा प्रत्येकीचा नंबर तीनच असतो. एकेक इंजिन वेगळ्या रुळाच्या तुकड्यावर एकटं ठेवून त्याला स्वतःचा नंबर द्यावा लागतो, मगच ते एकटं ऐकतं. मी हे समजावून सांगितलं. अप्पांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचे डोळे चमकले.

"म्हंजे समदी बिनबारशाची आली की! आगं, घुगऱ्या टाक!"

खरोखर बारसं झालं. हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजल्या. गल्लीतल्या बायका आल्या, त्या बहुधा काय चाललंय ते बघायला. आत्या मी. एकेक इंजिन वेगळ्या तुकड्यावर ठेवायचं, मी वाकून "कुर्रर्र" करायचं आणि कंट्रोलवर नंबर द्यायचा. नाव ठेवायचा मान सरांना. त्यांनी प्रत्येक इंजिन हातात घेतलं, चाकं, धुराडं, कठडे बोटांनी नीट चाचपले आणि मग नंबर सांगितला. तेव्हापासून ते हात लावताच इंजिन ओळखायचे. पाण्याच्या गाडीचं इंजिन त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतलं.

सर ती गाडी अशी चालवायला शिकले, की आम्ही बघत राहायचो. सांध्यावरून जाताना चाकांचा खडखडाट, पुलावरचा पोकळ आवाज, चढाची धाप, सगळं त्यांच्या कानात बसलं. शिरूरच्या फलाटाला गाडी टेकवताना ते मान किंचित तिरकी करायचे. भांडणं पूर्ववत सुरू झाली. "अप्पा, तुमची पॅसेंजर फार भरधाव चालली आहे." "तुमची लई पोचली न्हाई का सर!"

त्या पावसाळ्यात पाऊस भरपूर झाला. तूर अशी आली, की मोंढ्यात पाय ठेवायला जागा नाही. गोदामात पोती चढू लागली. काकूंना वाटलं, आता ही रेल्वे गुंडाळणार. अप्पांनी थप्प्या लावल्या छतापर्यंत, पण जिल्हा होता तिथंच ठेवला. उरलेला माल ओळखीच्यांच्या गोदामांत टाकला. पोत्यांच्या मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ राहिली. रविवारची गर्दी बंद झाली. आत आता फक्त दोन खुर्च्या असत, आणि कधीतरी मी.

अप्पांना मी शेवटचं भेटले ते अशाच एका दुपारी. त्यांची छाती त्या महिन्यात दुखायला लागली होती, पण ते मला नंतर कळलं. पुढच्या खेपेला मी आले ती अप्पा गेल्यावर, काकूंना भेटायलाच. त्या दुपारी मात्र अप्पा रंगात होते. सर पाण्याची गाडी शिरूरहून घेऊन निघाले होते, अप्पांची पॅसेंजर जळकोटहून यायची होती. जंक्शनात दोन्ही गाड्या शेजारच्या रुळांवरून एकमेकींना ओलांडणार होत्या. सांधे अप्पांनी आधीच लावून ठेवले होते. थप्प्यांमुळं उजेड यायचा तो फक्त वरच्या दोन ट्यूबांचा.

आणि लाईट गेली.

रेल्वे इन्व्हर्टरवर होती, ती चालूच राहिली. ट्यूब आणि जिल्ह्याच्या रस्त्यांवरचे दिवे तेवढे विझले. पोत्यांच्या त्या बोळीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. मी मोबाईल काढला, टॉर्चवर बोट ठेवलं.

"अप्पा," सरांचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा, "आज पुलाजवळच्या त्या रुळाला तेल लावा हो. फार वाजतोय. आणि तुमच्या सदऱ्याला हळद लागली आहे का, बघा जरा. काकूंच्या हातच्या पिठल्याचा वास येतोय मघापासून."

लाईट गेली आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. म्हणजे आता त्यांना उजेड आणि अंधारही वेगळा दिसत नव्हता. अंधारात अप्पांचा हात आला, त्यांनी माझं मनगट धरलं आणि मोबाईल खाली दाबला.

अप्पांना वाटलं असतं तर आपली गाडी थांबवता आली असती. कंट्रोलचं गोल बटण फिरल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. जळकोटकडून पॅसेंजर चढाला लागली आणि धापा टाकू लागली. सरांच्या गाडीची चाकं पुलावरून पोकळ वाजली. दोन आवाज दोन बाजूंनी जवळ येत होते. अप्पांनी शिट्टी मारली. सरांनी उत्तराची मारली. मग खडखडाट एकात एक मिसळला, माझ्या पुढ्यातून गेला आणि वेगळा झाला.

"गेली की नाही बरोबर?" सर म्हणाले.

"गेली सर. झ्याक गेली." अप्पांनी पुन्हा शिट्टी मारली. पुन्हा एकदा मारली.

"आज फार शिट्ट्या मारून राहिलात, अप्पा. काय झालंय?"

"काही न्हाई सर," अंधारातून अप्पा म्हणाले. "लई मजा येऊन राहिली."